नवीनच डायबिटीस निघालाय आणि रोजचा प्रवास लांबचा, कसं जमवायचं?

धावती_भेट

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात रूटीन चेकअपमध्ये मला टाइप २ डायबिटीस निघाला. फास्टिंग (उपाशीपोटीची शुगर) १६८, एचबीएवनसी (मागच्या दोनतीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ८.६. तसा काही त्रास जाणवत नव्हता, म्हणजे तहान लागायची, गळून जायला व्हायचं, पण एवढा प्रवास करून कोण गळत नाही असंच वाटायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, सकाळी नाश्त्याआधी एक आणि रात्री जेवणानंतर एक, आहाराचा छापील कागद दिलाय, रोज चालायचं आणि तीन महिन्यांनी परत टेस्ट. डॉक्टरांबद्दल तक्रार नाही, नीट समजावून बोलतात, पण त्या कागदावरचा दिवस हा माझा दिवस नाहीच्चे. कागदावर आठला नाश्ता आहे, आठला मी बसमध्ये दांडा धरून उभी असते. कागदावर रात्रीचं जेवण आठच्या आत आहे, आणि तेव्हा मी परतीच्या गर्दीत. एका बाजूला दीड तास धरा, आधी बस, मग ट्रेन, मग चालत, आणि तेही सगळं वेळेवर आलं तर.

सकाळी साडेसहाला गोळी घेते, मग आवरून निघते, नाश्ता ऑफिसला पोचल्यावर साडेनऊला. बसमध्ये खाणं शक्यच नाही, एक हात दांड्याला, एक पर्सवर, पुढच्याची सॅक तोंडावर. हल्ली उतरायला दोनतीन स्टॉप राहिले की हातपाय थरथरतात, मानेवर घाम येतो, आणि त्यात कोणी धक्का मारला किंवा फोन स्पीकरवर लावून बसला की इतका राग येतो की मलाच कळत नाही. मी मुळात अशी चिडकी नाहीये. संध्याकाळी परत तेच, शिवाय लघवीला जायचं टेन्शन, म्हणून दुपारनंतर पाणीच कमी पिते. गेल्या काही दिवसांत बसवरचे नंबरही लांबून धूसर दिसायला लागलेत, त्यामुळे बस समोर येईपर्यंत कळत नाही आणि तोपर्यंत ती निघून गेलेली असते.

नोकरी सोडणं किंवा जवळ घर घेणं हे पर्याय नाहीत, प्लीज ते सुचवू नका. ज्यांचा असाच लांबचा प्रवास आहे आणि डायबिटीस आहे त्यांनी सांगा, गोळ्या, खाणं, चालणं हे सगळं तुम्ही नेमकं कुठे बसवता? आणि ही थरथर प्रवासाची की शुगरची?

सॅक_पुढे_घ्या

ताई, बाकी सगळं नंतर, आधी एक काम करा. गोळीच्या पाकिटावर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते वाचा. नुसतं मेटफॉर्मिन आहे की सोबत ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड असं काही आहे? कारण दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर फार खाली जात नाही, पोट बिघडतं, गॅस होतो, मळमळतं, पण शुगर लो होणं क्वचित. ग्लिमेपिराईडच्या जातीची गोळी मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही खाल्लेलं असो नसो. साडेसहाला ती पोटात गेली आणि नाश्ता साडेनऊला, तर मधले तीन तास शुगर खालीच येत राहणार. "नाश्त्याआधी" म्हणजे पहिला घास घ्यायच्या अगदी आधी किंवा घासासोबत, घरातून निघायच्या आधी असं नव्हे. चिठ्ठीवर हे एका शब्दात लिहितात आणि ज्याचा नाश्ता घरी होत नाही त्याची पंचाईत होते.

तुमचं वर्णन, म्हणजे थरथर, घाम, अचानक राग, हे शुगर लो व्हायची लक्षणं म्हणून पुस्तकात देतात तस्संच आहे. रागसुद्धा त्यातच येतो, मेंदूला ग्लुकोज कमी पडलं की माणूस चिडतो, गोंधळतो. पण अंदाजाने जाऊ नका, ग्लुकोमीटर घ्या आणि त्याच वेळी मोजा. ७० च्या खाली असेल तर लो. ५४ च्या खाली असेल तर सिरियस.

अजून एक, जे मला सुरुवातीला कोणी सांगितलं नव्हतं. शुगर बरेच महिने २०० च्या आसपास राहिलेली असली (८.६ म्हणजे सरासरी साधारण २०० च येते) की शरीराला तीच सवय लागते, मग ती १०० वर आली तरी लो झाल्यासारखं वाटतं. ते धोक्याचं नसतं, काही आठवड्यांत बसतं. म्हणूनच मोजणं महत्त्वाचं, खरी लो कुठली आणि सवयीची कुठली हे आकड्याशिवाय कळत नाही.

आणि लो साठीचं सामान बॅगेत ठेवू नका!! हे मी प्रत्येकाला सांगतो. गर्दीच्या डब्यात बॅग पायाशी किंवा वर रॅकवर असते, चेन उघडायला हात पोचत नाही आणि पोचला तरी लो मध्ये बोटं नीट चालत नाहीत. माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात ग्लुकोजच्या चार गोळ्या असतात, आधीच फोडून साध्या कागदात गुंडाळलेल्या, कारण ते चकचकीत वेष्टन थरथरत्या हाताने फाटत नाही, हे घरी एकदा डाव्या हाताने करून बघा म्हणजे कळेल. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्यायची, म्हणजे साखरेचे तीन चमचे किंवा अर्धा कप ज्यूस, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत १५ ग्रॅम. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुगरफ्री ड्रिंकचा अर्थातच उपयोग नाही. बरं वाटलं की मग काहीतरी पोटभरीचं खा, नाहीतर तासाभराने परत तेच.

निळी_बाटली

वरच्यांनी गोळीचं नीट सांगितलंय, मी पाण्याचं बोलते कारण तुमचं ते वाक्य वाचून मला राहवलं नाही. पाणी कमी करू नका. वारंवार लघवी होते ती पाण्यामुळे नाही, साखरेमुळे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की किडनी ती सगळी परत शोषून घेऊ शकत नाही, मग साखर लघवीत उतरते आणि येताना सोबत पाणी ओढून आणते. म्हणजे तुम्ही पाणी पिणं थांबवलंत तरी शरीरातलं पाणी जातच राहतं, तुम्ही फक्त कोरड्या पडता, आणि अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातल्या साखरेचा आकडा अजून वर दिसतो. शुगर कंट्रोलमध्ये यायला लागली की हे आपोआप कमी होतं, माझं तर पहिलं जाणवलेलं सुधारणेचं लक्षण हेच होतं की प्रवास पूर्ण झाला तरी बाथरूम शोधावी लागली नाही.

तोवर मी असं करायचे, सकाळपासून दुपारपर्यंत भरपूर पाणी, निघायच्या तासभर आधीपासून एकदम ग्लासभर न पिता घोट घोट, आणि निघताना जाऊन यायचंच, लागली असो नसो. आणि वाटेवरची ठिकाणं माहीत करून ठेवायची, कुठल्या स्टेशनवरचं टॉयलेट उघडं असतं, कुठलं सातनंतर कुलूप लावतात. बायकांसाठी हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे ते प्रवासाचं नियोजन करणाऱ्यांना कधी कळणार देवजाणे, पण एक ट्रेन सोडावी लागली तरी चालेल, दाबून ठेवू नका. साखर असलेल्या लघवीत इन्फेक्शन पटकन होतं. जळजळ झाली तर लगेच दाखवा. आणि पुढे कधी गोळी बदलली तर विचारून घ्या, एक प्रकारच्या गोळ्या साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढतात, त्यांनी लघवी वाढतेच, प्रवासाचं डॉक्टरांना सांगितलं तर वेळ तशी ठरवता येते.

डोळ्यांचं, घाबरू नका पण नवा चष्मा आत्ता करू नका. साखर वरखाली होते तशी डोळ्यातल्या भिंगात पाणी कमीजास्त होतं आणि नंबर बदलतो. गोळ्या सुरू झाल्यावर धूसर दिसणं हे बऱ्याच जणांना होतं, शुगर स्थिर झाली की काही आठवड्यांत जातं. मात्र डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, तपासून घेणं टाइप २ मध्ये निदान झाल्या झाल्याच करायचं असतं आणि पुढे साधारण दरवर्षी, ते चष्म्याच्या नंबरपेक्षा वेगळं. अचानक काळे ठिपके, पडदा आल्यासारखं झालं तर थांबू नका.

दोन_स्टॉप_आधी

माझा अनुभव चालण्याबद्दल. मी परत येताना दोन स्टॉप आधी उतरतो आणि चालत घरी जातो. वेगळा व्यायामाचा वेळ काढावा लागत नाही. जेवणानंतर दहापंधरा मिनिटं चाललं तर अजून चांगलं, स्नायू ती साखर लगेच वापरतात. प्रवास हाच व्यायाम समजा, सगळं जमेल.

शेवटची_बस

दादा, राग मानू नका, पण तीन तास उभं राहून आलेल्या बाईला रात्री साडेआठला दोन स्टॉप आधी उतर म्हणणं हे कागदावरच्या आठच्या नाश्त्यासारखंच आहे. रस्त्यावर दिवे नाहीत, फूटपाथ आहे तो गाड्यांनी अडवलाय, आणि पोट रिकामं. त्यात ती शुगर कमी करणारी गोळी असेल तर रिकाम्या पोटी जोरात चालल्याने आणखी खाली जाईल. तुमचं जेवणानंतरचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर. दुपारी जेवण झाल्यावर ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये दहा मिनिटं, आणि बसून काम असेल तर दर अर्ध्या तासाने उठून दोनतीन मिनिटं चालणं, यानेही जेवणानंतरचा आकडा खाली येतो, आणि यासाठी प्रवासाला हात लावावा लागत नाही.

धावती, मला संध्याकाळबद्दल सांगायचंय. दुपारी एकला जेवलीस आणि रात्री नऊला जेवलीस तर मधे आठ तास होतात. ऑफिसमधून निघायच्या आधी बसून, शांतपणे काहीतरी खाऊन घे. फळ आणि मूठभर दाणे, उकडलेलं कडधान्य, अंडं, जे तुला चालतं ते, नुसती बिस्किटं नकोत कारण ती साखर चढवतात आणि तासाभरात परत भूक. मी डेस्कच्या ड्रॉवरमध्ये डबा ठेवते. आधी घरी पोचेपर्यंत मी कशीबशी तग धरायचे आणि मग दारातून आत आल्या आल्या समोर येईल ते पोटात ढकलायचे, आणि जेवणही व्हायचंच. पाचचं खाणं सुरू झाल्यापासून रात्री निम्मं जेवण पुरतं आणि सकाळचं फास्टिंगही उतरलं. जेवण आठच्या आत झालं नाही म्हणून जीवाला लावून घेऊ नकोस, तुझ्या निघायच्या, पोचायच्या खऱ्या वेळा एका कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेव आणि म्हण, यात बसवून द्या. त्यांना तुझी बस किती वाजता येते हे कसं माहीत असणार?

आणि रागाबद्दल. तो सगळाच लो शुगरचा असेल असं नाही. रोज कोणीतरी पायावर पाय देतो, कोणी खांद्यावर रेलून झोपतो, बस स्टॉपच्या पुढे नेऊन थांबवतात आणि सगळे धावतात, अन् दार लागलं की खाली राहिलेला माणूस हात हलवत राहतो. हे निरोगी माणसालाही असह्य होतं. त्यात नवीन आजार, त्यात झोप कमी. ताणाने कॉर्टिसोल, ॲड्रेनलिन ही हार्मोन्स वाढतात आणि त्यांनी साखर वाढतेच, म्हणजे हा त्रास मनाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही, तो रिपोर्टवर उतरतो. मला दोन गोष्टींनी खरंच फरक पडला. एक म्हणजे वीस मिनिटं आधीची बस, त्यात उभं राहावं लागतं तरी श्वास घेता येतो, आणि ऑफिसला लवकर पोचून नाश्ता निवांत होतो. दुसरी म्हणजे सीट मागायला शिकले. "मला डायबिटीस आहे, चक्कर येतेय, पाच मिनिटं बसू द्याल का" एवढंच, मोठ्याने, एका माणसाकडे बघून. सगळ्यांना उद्देशून म्हटलं तर कोणी हलत नाही, एकाच्या डोळ्यात बघून म्हटलं तर तो उठतो. आजार दिसत नाही म्हणून सीट मागायचा हक्क कमी होत नाही.

रोजच्या ग्रुपमधल्या एकीला तरी सांगून ठेव. खिशात काय आहे, कधी द्यायचं. आणि शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, घशात अडकू शकतं, तेव्हा ॲम्ब्युलन्सच. हे पण सांग.

गाडीवाला_प्रवासी

मी इन्सुलिनवर आहे आणि स्वतः गाडी चालवत जातो म्हणून थोडं वेगळं सांगतो, इथे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोग होईल. इन्सुलिन किंवा लो करणारी गोळी असेल तर स्टिअरिंगवर बसायच्या आधी मोजा. मी ९० च्या खाली असेल तर आधी खातो मग निघतो. वाटेत लो वाटलं तर गाडी बाजूला, इंजिन बंद, साखर, आणि आकडा नॉर्मल झाल्यावरही पाऊण तास थांबतो, कारण आकडा आधी सुधारतो आणि डोकं मागाहून. ट्रॅफिक जॅममध्ये मागचे हॉर्न मारोत, मारू देत.

इन्सुलिनचं पेन बंद गाडीत ठेवू नका. न उघडलेलं फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला, वापरात असलेलं बहुतेक प्रकारांत ३० डिग्रीच्या आत साधारण चार आठवडे टिकतं, पण उन्हात उभ्या गाडीत पारा त्याच्या कितीतरी वर जातो. बर्फाला चिकटूनही नको, एकदा गोठलं की गेलं. मीटरच्या स्ट्रिप्सची बाटलीही तशीच, झाकण घट्ट, ऊन आणि दमट हवा लागली की आकडे चुकतात. आणि प्रवासात मोजताना बोट आधी धुवा, फळ खाल्लेल्या हाताने मोजलं तर २५० पण दाखवेल. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा, दांडा धरताना दुखत नाही.

धावती_भेट

सगळ्यांचे मनापासून आभार, किती नीट लिहिलंय सगळ्यांनी. सॅक_पुढे_घ्या, पाकीट बघितलं, सकाळच्या गोळीत ग्लिमेपिराईड १ आणि मेटफॉर्मिन ५०० दोन्ही आहे, रात्रीची नुसती मेटफॉर्मिन. लगेच मीटर आणलं. आज बसमध्ये थरथर सुरू झाली तेव्हा उतरून स्टॉपच्या बाकावर बसून मोजलं, ६४. साखर घेतली, पंधरा मिनिटांनी ८८. त्या पंधरा मिनिटांत तीन बस गेल्या आणि पहिल्यांदाच एकीचाही राग आला नाही.

डॉक्टरांना फोन करून वेळा सांगितल्या. त्यांनी सकाळची गोळी नाश्त्याच्या ताटावर बसल्यावरच घ्यायला सांगितली, म्हणजे ऑफिसमध्ये, आणि आठवडाभर सकाळ, दुपार, संध्याकाळचे आकडे लिहून आणायला सांगितलेत, लो परत आली तर गोळीच बदलू म्हणाले. शेवटची_बस, तुमचं ते वेळा लिहून द्यायचं फार कामी आलं, ते म्हणाले हे आधी कळलं असतं तर वेगळीच गोळी दिली असती.

दोन गोष्टी अजून विचारायच्यात. गर्दीत रोज पायावर पाय पडतो, डायबिटीसमध्ये पाय जपा म्हणतात तर मी सँडल घालून जाऊ की नको? आणि तीन महिन्यांनी टेस्टला उपाशीपोटी जायचं तर त्या दिवशी प्रवासाचं काय करायचं?

निळी_बाटली

सँडल नको. पुढून बंद, मऊ, बोटांना जागा असलेला बूट आणि सोबत मोजे. ऑफिसात हवी तर वेगळी चप्पल ठेवा. नवीन बूट संध्याकाळी घ्या, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात तेव्हाचं माप खरं. घालायच्या आधी आत हात फिरवून बघा खडा वगैरे नाही ना, आणि रात्री झोपताना तळवे, बोटांच्या बेचक्या बघायच्या, तळवा दिसत नसेल तर आरसा. साखर बरेच दिवस वाढलेली असली की नसा बधिर व्हायला लागतात, मग लागलेलं दुखतच नाही आणि कळतही नाही, म्हणून डोळ्याने बघायचं. मुंग्या किंवा जळजळ होत असेल तर पुढच्या वेळी सांगा, पायाची संवेदना तपासतात, दुखत नाही.

सॅक_पुढे_घ्या

टेस्टचं सोपं आहे. एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही, ती दिवसाच्या कुठल्याही वेळी देता येते, कारण ती मागच्या दोनतीन महिन्यांची सरासरी सांगते, आदल्या दिवशीच्या जेवणाने फारसा फरक पडत नाही. फास्टिंगही हवं असेल तर लॅब घराजवळची बघा, ऑफिसजवळची नको, उपाशीपोटी तो दीड तास नकोच. लॅब उघडताना पहिला नंबर लावा, सकाळची गोळी सोबत न्या पण घेऊ नका, डबा न्या, रक्त दिलं की तिथेच बाकावर बसून गोळी आणि नाश्ता, मग बस. जेवणानंतरची पण सांगितली असेल तर ती पहिल्या घासापासून दोन तासांनी असते, त्या दिवशी अर्धी सुट्टी टाका, प्रवासात ते दोन तास बसत नाहीत.

६४ चा आकडा तारीख वेळ टाकून वहीत लिहून ठेवा, डॉक्टरांना तोच दाखवायचाय.